क्रिस्पी चिकन सँडविच घरी, कमी तेलात: आवरण पिठूळ का राहतं आणि चिकन कोरडं का पडतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाहेरून आणलेलं क्रिस्पी चिकन सँडविच घरात सगळ्यांना आवडतं, पण आठवड्यातून दोनदा ते खाणं आता नको वाटतं. म्हणून तुम्ही ते घरी ओव्हनमध्ये करून पाहिलं. वरचं आवरण पांढरट आणि पिठूळ राहिलं, खालची बाजू ओलसर झाली, चिकन चिवट लागलं. मेयोनेजऐवजी दही लावलं तर बन भिजला. तळल्याशिवाय तशी मजा येऊ शकते का, की हा नाद सोडावा?

नाद सोडू नका. तुमचं जे बिघडलंय ते सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे. तेल कमी घातल्यामुळे हे झालं असं तुम्हाला वाटतंय, पण खरी अडचण पाण्याची आहे. कुरकुरीत म्हणजे कोरडं. तळताना आवरणातलं पाणी झपाट्याने निघून जातं. तुमच्या ओव्हनमध्ये ते निघालं नाही, आणि ते निघावं म्हणून वाट पाहण्यात आतलं चिकन मात्र वाळलं. चिकनमधलं पाणी आत ठेवायचं, आवरणातलं बाहेर काढायचं आणि सॉसमधलं बनपर्यंत पोचू द्यायचं नाही, एवढं सांभाळलं की बाकी सोपं आहे.

त्याआधी एक गोष्ट तुम्हालाच ठरवावी लागेल: तुमच्यासाठी ‘आरोग्यदायी’ म्हणजे नेमकं काय? वजन कमी करायचं असेल तर तेल आणि सॉसकडे बघायचं. रक्तदाब असेल तर मिठाकडे. रक्तातली साखर सांभाळायची असेल तर बनकडे आणि सोबतच्या गोड पेयाकडे. या सगळ्याच गोष्टी पहिल्याच दिवशी कापल्या की सँडविच बेचव होतं आणि तिसऱ्या आठवड्यात सगळे पुन्हा बाहेरूनच मागवतात. एका वेळी एक-दोनच गोष्टी बदला.

कॅलरी कुठे असतात ते आधी पाहू, म्हणजे कुठे हात घालायचा ते कळेल. एक ग्रॅम चरबीतून ९ कॅलरी मिळतात, प्रथिनं आणि पिष्टातून प्रत्येकी ४. कच्चं बिनसालीचं चिकन ब्रेस्ट १२० ग्रॅम घेतलं तर साधारण १४० कॅलरी होतात आणि त्यातून २५ ग्रॅमहून जास्त प्रथिनं मिळतात. म्हणजे चिकन हा या सँडविचमधला सगळ्यात चांगला भाग आहे, तो कमी करायचं काही कारण नाही. ६० ग्रॅमचा बन साधारण १६५ कॅलरी. उरलेलं वजन वरच्या थरांचं. जाड पिठाचं आवरण साधारण १०० कॅलरी, त्यात मुरलेलं १०–१२ ग्रॅम तेल आणखी १००, बन भाजायला लावलेलं लोणी ३५, आणि दोन टेबलस्पून मेयोनेज जवळपास २०० कॅलरी. बेरीज साडेसातशेच्या आसपास जाते, आणि त्यात चीज धरलेलं नाही. मेयोनेजचा आकडा तळण्याच्या तेलाहून मोठा आहे, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तळणं बंद केलं आणि सॉस तसाच ठेवला तर अर्धंच काम होतं. खाली दिलेल्या पद्धतीने तेच सँडविच ५०० कॅलरींच्या आसपास बसतं. हे आकडे अंदाजी आहेत, तुमचा बन आणि तुमचा हात यांप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतील.

आता चिकन. चार सँडविचसाठी दोन मोठी ब्रेस्ट घ्या, प्रत्येकी साधारण २५० ग्रॅमची. पाकिटबंद असेल तर मागचं लेबल वाचा. काही चिकनमध्ये मिठाचं पाणी भरलेलं असतं. तसं असेल तर खालच्या प्रमाणातलं मीठ निम्म्यावर आणा. चिकन नळाखाली धुऊ नका. धुतल्याने जंतू मरत नाहीत, उडालेल्या पाण्याबरोबर सिंकवर आणि शेजारच्या भांड्यांवर पसरतात. ते मरतात फक्त शिजल्यावर. धुण्याऐवजी किचन पेपरने टिपून घ्या.

ब्रेस्ट एका बाजूला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळतं असतं. तसंच शिजवलं तर जाड बाजू शिजेपर्यंत निमुळतं टोक वाळून जातं. म्हणून हाताचा तळवा वर दाबून ठेवा आणि सुरी आडवी धरून एकाचे दोन पातळ भाग करा. मग ते प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून लाटण्याने हलके ठोका. सगळीकडे दीड सेंटीमीटर जाडी आली पाहिजे. पातळ करायचा मोह आवरा. एक सेंटीमीटरच्या खाली गेलात तर आवरण खमंग होईपर्यंत आत रस उरत नाही. तुकडा बनपेक्षा किंचित मोठा ठेवा, शिजताना तो आकसतो.

मीठ थेट चिकनला चोळा. ५०० ग्रॅमला ४ ग्रॅम, म्हणजे पाऊण टीस्पूनपेक्षा किंचित कमी. खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवण्याची पद्धतही चांगली आहे, पण त्यात नेमकं किती मीठ आत गेलं ते कळत नाही, आणि तुम्हाला तर मीठ मोजायचंय. हे मीठ नुसतं चवीपुरतं नसतं. स्नायूतली काही प्रथिनं मिठाने सैल होतात आणि शिजताना पाणी धरून ठेवतात. कोरड्या चिकनवरचा हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि त्याला तेलाचा थेंब लागत नाही. मीठ लावून अर्धा तास थांबा. मग १०० ग्रॅम दही, एक टीस्पून वाटलेला लसूण, अर्धा टीस्पून मिरपूड आणि एक टीस्पून रंगाचं, कमी जहाल लाल तिखट एकत्र करून चिकनला लावा आणि फ्रीजमध्ये ४ ते ८ तास ठेवा. घाई असेल तर एक तासही चालेल. दह्याचं आम्ल सौम्य असतं, त्यामुळे रात्रभर राहिलं तरी बिघडत नाही. लिंबू किंवा व्हिनेगर यांचं तसं नाही. तीव्र आम्लात चिकन तासन्‌तास राहिलं की वरचा थर भुसभुशीत होतो आणि त्यावर कोटिंग धरत नाही. म्हणून ते दोन्ही सॉसमध्ये घाला, मुरवणात नको.

ब्रेस्टच हवं असं नाही. मांडीचं बिनहाडाचं, साल काढलेलं चिकन घेतलंत तर चरबी थोडी वाढते, पण दोन मिनिटं जास्त शिजलं तरी ते रसाळ राहतं. ज्यांच्याकडे थर्मामीटर नाही त्यांना मी मांडीच घ्यायला सांगते.

आता आवरण. तुमचा खरा घोळ इथे झाला आहे. तळण्याच्या १७०–१८० अंशांच्या तेलात तुकडा सोडला की जे बुडबुडे येतात ती आवरणातल्या पाण्याची वाफ असते. गरम तेल तुकड्याला सगळीकडून बिलगतं, म्हणून दोन-तीन मिनिटांत वरचं पाणी उडतं आणि रंग येऊ लागतो. ओव्हनमधली हवा तेलाच्या मानाने फार सावकाश उष्णता देते. तिथे कोटिंग वाळून लाल होईपर्यंत आतलं चिकन केव्हाच शिजून पुढे गेलेलं असतं. त्यात तुम्ही तळणीसाठीचं पिठाचं कोटिंग ओव्हनमध्ये घातलंत. कोरड्या पिठाला भिजायला पाणी आणि खमंग व्हायला चरबी लागते. ओव्हनमध्ये त्याला दोन्ही मिळालं नाही, म्हणून ते पांढरं राहिलं आणि जिभेवर खडूसारखं लागलं.

यावर उपाय म्हणजे रंग आणि कुरकुरीतपणा चिकनला लावण्याआधीच तयार करायचा. ओव्हनकडे फक्त चिकन शिजवण्याचं काम ठेवायचं.

त्यासाठी ब्रेडचा जाडसर चुरा ७० ग्रॅम घ्या. पॅन्को, म्हणजे जपानी पद्धतीचा जाडसर चुरा, मिळाला तर उत्तम. नाहीतर शिळ्या ब्रेडच्या कडा काढून हाताने मोठे तुकडे करा, मिक्सरमध्ये दोन-तीन झटकेच द्या आणि १२० अंशांवर १५–२० मिनिटं वाळवा. पाकिटातला पिठासारखा बारीक चुरा इथे उपयोगी नाही. तो दाट बसतो, ओल धरतो आणि दाताखाली मोडत नाही. कॉर्नफ्लेक्स वापरायचे असतील तर बिनसाखरेचे घ्या आणि चुऱ्याच्या निम्मे घ्या. साखर असलेले फार लवकर काळे पडतात.

जाड बुडाची कढई मध्यम आचेवर ठेवा, चुरा घाला आणि वरून एक टेबलस्पून तेल, साधारण १४ ग्रॅम. बोटांनी किंवा चमच्याने ते सगळीकडे लावून घ्या आणि मग सतत हलवत राहा. पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं. चुरा जड असतो, चमचा फिरवताना आवाज जवळपास येत नाही. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला तो हलका होतो आणि कोरडी वाळू सरकावी तशी सळसळ ऐकू येते. पाणी गेल्याची ती खूण. तिथून रंग भराभर बदलतो, तेव्हा कढईपुढून हलू नका. बिस्किटाचा फिकट सोनेरी रंग आला की लगेच ताटात पसरा. कढईत ठेवलात तर बुडाच्या उष्णतेने तो करपत राहील. ओव्हनमध्ये तो आणखी एक-दोन छटा गडद होणार आहे, म्हणून आत्ताच तपकिरी करू नका. लसूण पावडर, मिरपूड आणि अर्धा टीस्पून लाल तिखट आच बंद झाल्यावर घाला. आधी घातलं तर तिखट करपून कडवट होतं.

एक टेबलस्पून तेल चार सँडविचमध्ये वाटलं गेलं, म्हणजे प्रत्येकी साडेतीन ग्रॅम. बाहेरच्या तळलेल्या तुकड्यात त्याच्या तिप्पट तरी असतं. तळलेल्या पदार्थात तेल बरंचसं शिरतं ते कढईतून काढल्यानंतर. आतली वाफ थंड होऊन आकसते आणि वरचं तेल आत ओढलं जातं. आवरण जितकं जाड आणि सच्छिद्र, तितकं तेल जास्त. म्हणून कधी तळायचंच ठरवलंत तर कोटिंग पातळ ठेवा आणि तुकडा बाहेर काढताच कागदाने वरून टिपा. एवढ्यानेही फरक पडतो.

कोटिंग लावायच्या आधी चिकनवरचं जास्तीचं दही बोटांनी निपटून काढा आणि किचन पेपर हलकेच दाबा. दह्याचा जाड थर राहिला तर शिजताना त्याची वाफ होते, आणि चावताना आवरणाची अख्खी टोपी निघून हातात येते. मग तीन ताटल्या. पहिलीत तीन टेबलस्पून कॉर्नफ्लोअर आणि मिरपूड. दुसरीत दोन अंड्यांचा पांढरा भाग एक टीस्पून मस्टर्डबरोबर फेटून. तिसरीत भाजलेला चुरा. कॉर्नफ्लोअरचा थर अगदी धुक्यासारखा पातळ असावा, जास्तीचं झटकून टाका. त्याचं काम फक्त ओल टिपून अंड्याला पकड देण्याचं आहे. चुऱ्यात ठेवल्यावर तळहाताने नीट दाबा, दोन्ही बाजूंनी आणि कडांनाही. एक हात कोरड्या ताटल्यांसाठी आणि एक ओल्यासाठी ठेवलात तर बोटांनाच कोटिंग होणार नाही. अंडं चालत नसेल तर दोन टेबलस्पून कॉर्नफ्लोअर तीन टेबलस्पून घट्ट दह्यात कालवून तो लेप वापरा.

चुरा सगळा एकदम ताटलीत ओतू नका. थोडाथोडा घ्या. कच्च्या चिकनला लागलेला चुरा उरला तर टाकून द्यावा लागतो. न लागलेला हवाबंद डब्यात आठवडाभर टिकतो.

कोटिंग केलेले तुकडे जाळीवर १० मिनिटं तसेच राहू द्या. तेवढ्यात अंडं आणि कॉर्नफ्लोअर एकजीव होऊन चुरा घट्ट धरतात. लगेच ओव्हनमध्ये गेलेल्या तुकड्याचं आवरण पहिल्या चाव्यातच सुटतं.

ओव्हन २०० अंशांवर १५ मिनिटं आधी तापवून ठेवा. ट्रेवर जाळी आणि जाळीवर चिकन. तुमची खालची बाजू ओली झाली ती तुकडा थेट ट्रेवर असल्यामुळे. खालून निघालेल्या वाफेला जायला वाटच नव्हती. जाळीवर ठेवलं की उलटायचीही गरज राहत नाही. दीड सेंटीमीटरच्या तुकड्याला १४ ते १७ मिनिटं लागतात. सगळ्यात जाड जागी आडवा थर्मामीटर खुपसून ७४ अंश आले की लगेच बाहेर. ६५ अंशांच्या पुढे चिकनमधली प्रथिनं जोराने आकसून पाणी पिळून टाकू लागतात. ७४ ला ते सुरक्षित आणि अजून रसाळ असतं, ८५ ला कोरडं. हा फरक फक्त तीन-चार मिनिटांचा आहे, आणि ‘अजून थोडं ठेवू’ म्हणण्यात चिकन नेमकं याच टप्प्यात वाया जातं. थर्मामीटर नसेल तर जाड जागी छोटी चीर द्या. मांस सगळीकडे अपारदर्शक पांढरं हवं, मध्ये काचेसारखी गुलाबी झाक दिसली तर आणखी दोन मिनिटं. पण हा अंदाजच. महिन्यातून दोन-चारदा चिकन करत असाल तर थर्मामीटर घ्याच.

एअर फ्रायर असेल तर १९० अंशांवर ९ ते १२ मिनिटं, सहाव्या मिनिटाला एकदा उलटायचं. तुकडे एकमेकांवर येऊ देऊ नका, दोन-दोन करून काढा. त्यातल्या पंख्याने सैल चुरा उडतो आणि वरच्या कॉइलला लागून जळतो, म्हणून दाबण्याचं काम इथे जास्त मन लावून करा. यातलं काहीच नसेल तर नॉनस्टिक तव्यावर दोन तुकड्यांना एक टेबलस्पून तेल घालून मध्यम आचेवर प्रत्येक बाजू ४–५ मिनिटं, झाकण न ठेवता. तेल जरा जास्त जातं, तरी तळण्यापेक्षा कमीच. त्या वेळी चुरा आधी भाजू नका, तव्यावरच त्याला रंग येतो. आधी भाजलेला असेल तर करपेल.

बाहेर काढल्यावर तुकडे जाळीवरच ३–४ मिनिटं ठेवा. ताटात ठेवू नका, वर झाकण किंवा फॉइल नको. घरी आणेपर्यंत बाहेरचं सँडविच मऊ का पडतं? गरम असतानाच कागदात गुंडाळल्याने वाफ आतल्या आत फिरत राहते. या एका बाबतीत घरचं सँडविच बाहेरच्यापेक्षा सरस होऊ शकतं, ती संधी झाकण घालून घालवू नका.

सॉसचं आता. मेयोनेज पूर्ण काढून टाकू नका. अनेक वास चरबीतच विरघळतात आणि तोंडात तेवढा वेळ रेंगाळतात. चरबी शून्यावर आणली की मसाला जास्त घालूनही चव पोकळ लागते. २०० ग्रॅम दही कापडात बांधून दोन तास टांगलं की साधारण १०० ग्रॅम चक्का निघतो. त्यात २५ ग्रॅम मेयोनेज, एक टीस्पून मस्टर्ड, एक टीस्पून व्हिनेगर, लसणाची एक छोटी पाकळी किसून, मिरपूड आणि चिमूटभर साखर. व्हिनेगरमधली काकडी बारीक चिरून एक टेबलस्पून घातली तर बाहेरच्या चवीच्या फार जवळ जातं. माणशी साधारण ३५ ग्रॅम सॉस येतो आणि त्यात ७० कॅलरी, म्हणजे नुसत्या मेयोनेजच्या जवळपास एक तृतीयांश. तुमचा बन भिजला कारण दही बांधलेलं नव्हतं. दह्यातलं पाणी मीठ लागलं की आणखी सुटतं. म्हणून या सॉसमध्ये वेगळं मीठ घालू नका, मस्टर्ड, मेयोनेज आणि काकडीतलं पुरतं. काकडी अगदी वाढण्याच्या वेळीच घाला. बाकी सॉस फ्रीजमध्ये तीन दिवस राहतो. वर पाणी दिसलं तर ढवळू नका, ओतून टाका.

मिठाचा हिशोबही इथेच करू, कारण घरी केलं म्हणजे मीठ आपोआप कमी झालं हा समज खरा नाही. चिकनमधून माणशी १ ग्रॅम, बनमधून अर्धा ते पाऊण, चुरा आणि सॉसमधून मिळून साधारण ०.४, कोबी आणि व्हिनेगरमधल्या काकडीच्या चकत्यांमधून अर्धा. बेरीज अडीच ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे एका सँडविचमध्ये निम्मा दिवस संपला. कमी करायचं असेल तर चिकनचं मीठ ४ वरून अडीच ग्रॅमवर आणा, काकडीच्या चकत्या काढा आणि व्हिनेगर, लसूण, मिरपूड वाढवा. आंबटपणा वाढला की मिठाची उणीव कमी भासते. अजिनोमोटो म्हणतात त्या मोनोसोडियम ग्लुटामेटमध्ये मिठाच्या जवळपास एक तृतीयांश सोडियम असतं. निम्मं मीठ काढून त्याजागी त्याची चिमूट घातली तर चव भरून येते आणि एकूण सोडियम उतरतं. ‘लो सोडियम’ मिठात मात्र पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी किंवा रक्तदाबाची औषधं चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

बन घेताना रंगावर जाऊ नका. तपकिरी रंग कॅरॅमलनेही येतो. घटकांच्या यादीत पहिलं नाव संपूर्ण गव्हाच्या पिठाचं असलं पाहिजे. आकार ६० ग्रॅमच्या आसपास ठेवा. घरात कोणाला गव्हाचा बन जड वाटत असेल तर पांढराच घ्या, तेल आणि सॉसमधली बचत त्याने वाया जात नाही. कापलेली बाजू कोरड्या तव्यावर हलकी तपकिरी होईपर्यंत भाजा. भाजलेला थर सॉस शिरू देत नाही, लोणी लागत नाही.

भाजीसाठी १५० ग्रॅम कोबी अगदी बारीक चिरून त्याला १ ग्रॅम मीठ आणि दोन टीस्पून व्हिनेगर लावा आणि १० मिनिटांनी पिळून घ्या. पिळल्याशिवाय घालू नका. टोमॅटो हवाच असेल तर पातळ चकत्या पाच मिनिटं किचन पेपरवर ठेवा.

रचतानाही ओल आणि कुरकुरीत भाग वेगळे ठेवायचे. खालच्या बनवर सॉसचा पातळ थर, त्यावर काकडीच्या चकत्या आणि चिकन, चिकनवर कोबी, आणि उरलेला सॉस वरच्या बनला आतून. चिकनवर थेट सॉस ओतला की पाच मिनिटांत सगळी मेहनत मऊ. डब्यात न्यायचं असेल तर सॉस आणि कोबी वेगळ्या छोट्या डब्यांत द्या आणि चिकन पूर्ण निवल्यावरच डबा बंद करा.

वेळेचा अंदाज असा: सकाळी कापून मीठ लावलं आणि अर्ध्या तासाने दह्यात टाकलं, दही टांगायला ठेवलं, की संध्याकाळी हाताचं काम २५ मिनिटांचं आणि ओव्हनचं १५. चुरा आदल्या दिवशीही भाजून ठेवता येतो.

चिकन न खाणाऱ्यांसाठी घट्ट टोफू याच पद्धतीने चालतो. तो रात्रभर गोठवून मग बर्फ पूर्ण वितळू द्या आणि दोन्ही हातांनी पिळा. गोठल्याने आत बारीक छिद्रं पडतात, पाणी निघून जातं आणि मसाला आतपर्यंत जातो. २०० ग्रॅमला एक ते दीड ग्रॅम मीठ पुरे, ओव्हनमध्ये १८–२० मिनिटं.

सोबत काय घेता तेही पाहा. साखरेच्या ३३० मिलीच्या शीतपेयात साधारण ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे १४० कॅलरी. सँडविचमधून वाचवलेल्या अडीचशेतल्या निम्म्याहून जास्त तिथेच परत येतात.

जास्तीचं करून ठेवायचं असेल तर शिजवलेले तुकडे जाळीवर निववा, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये घाला आणि तीन दिवसांत संपवा. त्याहून जास्त दिवसांसाठी ट्रेवर सुटे गोठवा आणि कडक झाल्यावर पिशवीत भरा, म्हणजे एकमेकांना चिकटून कोटिंग निघत नाही. गरम करताना मायक्रोवेव्ह नको, तो आतल्या पाण्याची वाफ करून आवरण भिजवतो. फ्रीजमधला तुकडा १९० अंशांवर ७–८ मिनिटं, फ्रीझरमधला बर्फ न वितळवता तसाच २०० अंशांवर १४–१५ मिनिटं, मध्यभाग पुन्हा ७४ अंशांवर पोचेपर्यंत. वरचा रंग लवकर गडद होऊ लागला तर शेवटची पाच मिनिटं तापमान १७० वर आणा. बन मात्र चिकन जाळीवर काढल्यावरच भाजायला घ्या.